जुन्या लॅपटॉपचं वायफाय रोज तुटत असेल, तर आधी वेळ लिहून ठेवा

वायफाय तुटलं की आपण सगळे एकच करतो. राऊटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, आणि चाललं की कामाला लागतो. चार तासांनी परत तेच. बंद-चालू केल्यानं काम होतं खरं, पण बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात. कोणता दिवा लागला होता, मोबाईलचं नेट चालू होतं का, लॅपटॉपला वायफायचं नाव तरी दिसत होतं का, हे काहीच आठवत नाही. म्हणून पुढच्या वेळी तुटलं की आधी दोन मिनिटं कशालाही हात लावू नका. बघा आणि लिहा.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात घरूनच लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. सातबारा, पीक विमा, पोरांच्या शिष्यवृत्त्या. लॅपटॉप २०१३ सालचा आहे. रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, त्यामुळे आजही चांगलं काम करतो. माझं घर जुनं आहे, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. राऊटर माजघरात, मी बसतो अंगणाकडच्या छपरीत. गेल्या उन्हाळ्यात नेट दिवसातून पाच-सहा वेळा जायचं. माणूस अंगठा द्यायला बसलेला असायचा आणि पान फिरत राहायचं. शेतातलं काम सोडून आलेल्या म्हाताऱ्यानं "काऊन हो भाऊ, आजबी नाई का?" असं विचारलं की जीवाला लागायचं. त्याचा अर्धा दिवस गेलेला असतो.

शेवटी एक वही केली. त्यातल्या तीन नोंदी इथे देतो, कारण सगळा उलगडा त्यांच्यातच आहे.

४ एप्रिल, दुपारी १२.२०. सिग्नलची एकच दांडी. मोबाईललाही छपरीत तेवढीच. राऊटरचे दिवे ठीक.

६ एप्रिल, सकाळी ९.१०. लाइन (वीज) येऊन पाच मिनिटं झाली. लॅपटॉपला घरच्या वायफायचं नावच दिसत नाही. मोबाईलला दिसतं आणि चालतं.

६ एप्रिल, दुपारी २.४०. जेवून आलो, झाकण उघडलं. जोडलेलं दाखवतो, पण पान उघडत नाही. वायफाय बंद करून चालू केल्यावर सुरू.

मी या तिन्हींना "नेट गेलं" एवढंच म्हणत होतो. प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळे बिघाड होते आणि तिघांचे उपाय वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसल्यामुळे माझा महिना गेला होता.

सुरुवात मोबाईलपासून

लॅपटॉपच्या शेजारी, त्याच जागी मोबाईल ठेवा. मोबाईलचा डेटा बंद करा आणि फक्त वायफायवर एखादी साइट उघडा. मोबाईलही चालत नसेल, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. राऊटरकडे जा. फायबरची लाइन असेल तर डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, उंदरानं कुरतडली आहे किंवा खिडकीच्या फटीत कचकन वाकली आहे. आत काच असते, तिला बोटाएवढ्या गोलाईत वाकवलेलं चालत नाही. अशा वेळी कंपनीला फोन करण्याशिवाय गत्यंतर नाही. ती वायर स्वतः कापू-जोडू नका, आणि सुटलेल्या टोकाला डोळा लावून तर कधीच बघू नका.

मोबाईल नीट चालतो आणि लॅपटॉपच नाही, तर बिघाड लॅपटॉपमध्ये किंवा त्याच्या आणि राऊटरच्या जुळण्यात आहे.

दोघंही कधी चालतात कधी नाही, असं असेल तर पिंग लावा, म्हणजे समोरून उत्तर येतं का हे लॅपटॉपला सतत विचारायला लावा. विंडोजची कमांड प्रॉम्प्ट नावाची खिडकी उघडा, इंग्रजीत पिंग टाइप करा, एक जागा सोडा, राऊटरचा पत्ता लिहा, परत एक जागा सोडून डॅश आणि टी. पत्ता राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरी खिडकी उघडून तिथे पत्त्याच्या जागी ८.८.८.८ लिहा, तो गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी चालू राहू द्या आणि आपलं काम करा. नेट अडकलं की नजर टाका. राऊटरची उत्तरं येतात पण ८.८.८.८ ची थांबली, तर घराबाहेर गडबड आहे. राऊटरचीच उत्तरं थांबली, किंवा दोन-चार मिलिसेकंदांची उत्तरं सातशे-आठशेवर गेली, तर हवेतल्या सिग्नलचीच गोष्ट आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी. या एका तपासणीनं माझी निम्मी भटकंती वाचली. कंपनीच्या माणसाशी बोलतानाही आपल्या हातात काहीतरी असतं.

दुपारचं नेट आणि खिडकीतला कूलर

पहिल्या नोंदीचं कोडं आईनं सोडवलं. मी राऊटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो होतो. ती म्हणाली, "जवापासून कूलर लावला ना, तवापासूनच तुह्यं हे सुरू झालं, पाय."

खरंच होतं. माजघर आणि छपरी यांच्यामध्ये एकच खिडकी आहे. मातीच्या जाड भिंतीतून सिग्नल फार थोडा जातो. वर्षभर तो त्या खिडकीतून येत होता, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. मार्चच्या शेवटी आम्ही त्याच खिडकीत कूलर बसवला. टिनाचा डबा, तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्या, खाली टाकीभर पाणी. पत्रा वायफायच्या लहरी परत फेकतो, पाणी त्या शोषून घेतं. सकाळी ताट्या कोरड्या असायच्या तोवर कसंबसं चालायचं. अकराच्या सुमारास पंप सुरू झाला की एकच दांडी उरायची. मी मात्र दुपारी लोक जास्त नेट वापरतात म्हणून असं होतं, असं धरून चाललो होतो.

उपाय साधा निघाला. राऊटर माजघराच्या कोनाड्यातून काढून छपरीच्या दाराच्या चौकटीपाशी, डोक्याएवढ्या उंचीवर लावला. दार दिवसा उघडंच असतं. त्या दिवसापासून दुपारी तीन दांड्या.

तुमच्या घरी कूलर नसेल तर लोखंडी कपाट असेल, पत्र्याची कणगी असेल, पाण्याची टाकी असेल. लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली तर वाटेत काय-काय येतं, ते एकदा उभं राहून बघा. कापूस घरात आला की भिंतीला लागून गंजी लागते, तेव्हाही हे परत बघायला हवं.

राऊटर कपाटावर, टिनाच्या अगदी खाली ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि विदर्भात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाखाली त्याहून जास्त. तापलेला राऊटर आपोआप बंद-चालू होतो, कधी नुसता अडकून बसतो. हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर खाली आणा.

कूलर किंवा मोटर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात का, तेही बघा. तेवढ्या वेळात राऊटरचं अडॅप्टर दम सोडतं, राऊटर नव्यानं सुरू होतो आणि दोन मिनिटं नेट नाही. अशा घरात राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे आकडे बघा. १२ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ च, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ चा लावला तर जळू शकतो.

लाइन येते आणि वायफायचं नावच गायब होतं

दुसऱ्या नोंदीनं मला सगळ्यात जास्त छळलं. लाइन जाऊन आली की लॅपटॉपला घरचं वायफाय दिसेना, शेजारचं दिसे. मोबाईलला आपलंच चांगलं दिसतंय. राऊटर दोन-तीनदा बंद-चालू केला की कधीतरी दिसायला लागे. लॅपटॉपचं वायफाय कार्ड, म्हणजे सिग्नल पकडणारा आतला छोटा भाग, गेलं असं तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. कार्ड गेलेलं नव्हतं.

वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा एक पट्टा असतो, त्यात चॅनेल, म्हणजे आकडे दिलेल्या वाटा, असतात. भारतात १ ते १३ वापरता येतात. अमेरिकेत रोजच्या वापरात १ ते ११ च. जुन्या लॅपटॉपमधली बरीच कार्डं अमेरिकेच्या हिशोबानं बांधून आलेली असतात, त्यांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. राऊटरचं चॅनेल 'ऑटो'वर असलं की तो सुरू होताना त्याला मोकळं वाटेल ते चॅनेल निवडतो. लाइन गेली, परत आली, राऊटर उठला, या वेळी त्यानं १३ पकडलं. झालं, लॅपटॉपच्या लेखी घरात वायफायच नाही. पुढच्या वेळी ६ पकडलं की सगळं ठीक. जिथे दिवसातून चारदा लाइन जाते तिथे हे चारदा होणार. शहरातल्या माणसाचा राऊटर महिनोन्‌महिने बंद होत नाही, त्याला हा बिघाड भेटतच नाही. दुरुस्तीच्या दुकानातही दिसत नाही, कारण दुकानातला राऊटर दुसऱ्याच चॅनेलवर असतो.

ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकून आत जा. आतला पासवर्डही स्टिकरवर असतो. वायरलेसच्या पानावर २.४ च्या भागात चॅनेल 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. हे तीनच, कारण शेजारच्या चॅनेलमध्ये फक्त ५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं आणि सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ जागा घेतो. एवढे लांब असले तरच एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या गल्लीत दोनच राऊटर आहेत. शेजाऱ्यांचा ६ वर आहे, मी ११ घेतलं.

त्याच पानावर आहात तर आणखी तीन गोष्टी उरका. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर वेग जास्त दिसतो, पण जुनं कार्ड त्यात धडपडतं. सुरक्षेत 'डब्ल्यूपीए३' एकटं निवडलेलं असेल तर 'डब्ल्यूपीए२' आणि 'एईएस' करा. या पासवर्डाच्या सुरक्षेच्या पद्धती आहेत. डब्ल्यूपीए३ जाहीर झालं २०१८ मध्ये, त्याआधीच्या बहुतेक कार्डांना ते समजत नाही. पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही, याचं एक मोठं कारण हेच. सुरक्षा पूर्ण काढून वायफाय उघडं मात्र ठेवू नका, आपल्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्यांचे आधार आणि बँकेची कागदं असतात.

तिसरी गोष्ट नावाची. नवे राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव देतात. ती नावं वेगळी करा, एकाच्या शेवटी २ जोडा, दुसऱ्याच्या ५. मग मोबाईलला दोन्ही नावं दिसतील. लॅपटॉपला फक्त २ वालं दिसलं तर समजा, त्याचं कार्ड एकपदरी, म्हणजे फक्त २.४ वर चालणारं आहे. त्यात वाईट काही नाही. जाड भिंतीतून २.४ च जास्त चांगलं जातं.

झाकण लावलं की झोपणारं कार्ड

तिसऱ्या नोंदीचा उपाय पाच मिनिटांचा आहे. विंडोज बॅटरी वाचवायला वायफाय कार्डाचा वीजपुरवठा कमी करतो किंवा तोडतो, आणि जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातून नीट उठता येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायरलेस लिहिलेल्या नावावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडून वायरलेस अडॅप्टरला बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्हीकडे 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' द्या. नुसतं चार्जरवर देऊन भागत नाही. लाइन गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की बॅटरीचं सेटिंग लागू होतं, आणि आपल्याला तर नेमकं तेव्हाच चालू हवं असतं.

विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर त्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या पानावर आधीचा ड्रायव्हर परत आणणारा 'रोल बॅक' दिसतो का बघा. दिसत असेल तर तो आधी करा. नेटवर्क रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्यानं जपून ठेवलेले सगळे पासवर्ड जातात.

तारीख चुकली तरी नेट गेल्यासारखं दिसतं

यात वायफायचा संबंध नाही, पण लोक त्याच तक्रारीनं लॅपटॉप घेऊन येतात म्हणून सांगतो. पिंग चालतो, दांड्या भरलेल्या, तरी एकही साइट उघडत नाही आणि 'कनेक्शन खासगी नाही' असं येतं. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. दहा-बारा वर्षांपूर्वीची असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ असते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉप आपल्या घड्याळाशी ताडून बघतो, घड्याळच मागे असेल तर तो प्रत्येक साइटला नकार देतो. तारीख हातानं नीट केली की लगेच चालतं. पण रात्रभर लाइन नसली आणि मोठी बॅटरी उतरली की सकाळी परत तेच. ती छोटी बॅटरी बदलून टाका.

बिजागरीतून जाणारी वायर

हे एवढं करूनही राऊटरच्या चार हातांवर चालतं आणि लांब गेलं की नाही, किंवा स्क्रीन पुढे-मागे केली की दांड्या कमी-जास्त होतात, तर अँटेनाची वायर बघावी लागेल. लॅपटॉपची अँटेना स्क्रीनच्या कडेनं लावलेली असते. तिथून दोन बारीक वायरी, बहुतेक वेळा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. दहा वर्षं झाकण उघडझाप करून त्या पिचतात. बिजागरी दुरुस्त करताना कधी दाबल्या जातात, कधी परत लावायच्याच राहतात.

गावातल्या एका पोराचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, बिजागरी बदलून आणल्यापासून नेट फक्त राऊटरच्या शेजारी. चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा पातळ नमदा बसलेला होता, आधी तो ब्रशनं काढला. कार्ड आगपेटीपेक्षा लहान, एका स्क्रूनं दाबलेलं. त्याच्या कडेला सोनेरी रंगाची दोन टिंबं, ज्वारीच्या दाण्याहून लहान. एकावर पांढऱ्या वायरची टोपी नीट बसलेली. काळी वायर कार्डाच्या खाली मोकळी पडलेली. टोपी टिंबाच्या बरोबर वर धरून अंगठ्याच्या नखानं सरळ खाली दाबली. टक असा बारीक आवाज आला, तो आला म्हणजे बसली. घासत सरकवून बसवू नका, टिंब मोडलं की कार्ड गेलं. झाकण लावलं, लॅपटॉप अंगणाच्या टोकाला नेला, तिथे दोन दांड्या आल्या.

वायर बिजागरीतच तुटलेली असेल तर स्क्रीन खोलावी लागते. जुन्या लॅपटॉपसाठी मी ते सुचवत नाही. यूएसबीला लावायचं छोटं वायफाय अडॅप्टर घ्या. आतलं कार्ड बदलायचा बेत असेल तर आधी चौकशी करा, त्या काळातले काही लॅपटॉप कंपनीनं मान्य केलेलं कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत. यूएसबी अडॅप्टर लॅपटॉपच्या बुडाशी खुपसून ठेवण्यापेक्षा हातभर लांबीच्या यूएसबी वायरवर खिडकीपाशी टांगलं तर जास्त चांगलं पकडतं. आणि शेजारच्या निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत हार्ड डिस्क चालू असेल तर ती काढून बघा. यूएसबी ३ ची गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरते, फाइल कॉपी होत असतानाच नेट मरतं.

विमा भरायच्या दिवसांत

खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला असते. शेवटच्या आठवड्यात छपरीत पन्नास माणसं बसलेली असतात. त्या दिवसांत मी वायफायवर विसंबून राहत नाही. जुन्या लॅपटॉपला लॅनची, म्हणजे नेटची वायर लावायची खाच असते, नव्या पातळ लॅपटॉपांना बहुतेक ती नसते. राऊटरपासून पंधरा मीटरची लॅन केबल दाराच्या चौकटीवरून क्लिपांनी ठोकत आणली आहे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंगण ओलांडूनही नेता येते. पण ती तांब्याची असते, आणि आपल्याकडे त्याच दिवसांत विजा पडतात. जवळपास पडलेल्या विजेचा झटका केबलमधून लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. म्हणून उघड्यावरून नेलेली असेल तर आभाळ गरजायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवा, राऊटरचं अडॅप्टरही बोर्डातून काढा. तेवढा वेळ लोकांना थांबायला सांगतो, कोणी नाही म्हणत नाही.